सेकंडहँड एलएक्स ४७० सकाळी मागून बसते, खड्ड्यात आपटते: ग्लोब मागवायच्या आधी काय बघायचं

प्रश्न गुहागरहून आलाय. थोडक्यात सांगतो. २००४ ची लेक्सस एलएक्स ४७०, मुंबईतून सेकंडहँड घेतलेली. सकाळी बघावं तर मागची बाजू खाली बसलेली, स्टार्ट केल्यावर वर यायला बराच वेळ लावते. घेतली तेव्हा मऊ चालायची, आता हायवेच्या पुलांच्या जोडांवर कडक आपटते. मधूनच एएचसीचा (तेलाच्या प्रेशरने गाडीची उंची सांभाळणारी यंत्रणा) ऑफ दिवा लुकलुकतो, गाडी बंद करून चालू केली की जातो. मुंबईचा मेकॅनिक म्हणतो हायड्रॉलिक सगळं उपटून टाका आणि साधे शॉकअप बसवा. चुलतभाऊ म्हणतो ग्लोब (सस्पेन्शनचे गॅसचे गोल डबे) गेलेत, चारही मागवा. ऐकायचं कोणाचं?

भाऊ, तूर्त दोघांचंही नको. मेकॅनिकचं तर अजिबातच नको, चुलतभावाचं कदाचित शेवटी खरं ठरेल पण ते ठरवायला आधी टेप आणि स्कॅनर लागतो, अंदाज नाही. माझ्याकडे अशा गाड्या येतात तेव्हा दहापैकी बऱ्याच जणांनी आधीच काहीतरी महाग बदलून घेतलेलं असतं आणि गाडी तशीच बसलेली असते, कारण मूळ दुखणं तेलात नव्हतंच, लोखंडात होतं. ते लोखंडाचं काय ते आधी सांगतो, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप लागतं.

लोक समजतात ही गाडी तेलावर उभी आहे. तसं नाही. एलएक्स ४७० काय किंवा लँड क्रूझर १०० मधली एएचसीवाली काय, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी दांडे) आहेत, मागे कॉइल स्प्रिंगा आहेत, आणि गाडीचं बरंचसं वजन त्यांच्यावरच आहे. उरलेलं वजन तेल उचलतं. चार चाकांना जे शॉकअप दिसतात ते नेहमीचे शॉकअप नाहीत, ते जॅकसारखे आहेत, त्यांतून पाइप निघून चासीवर बसवलेल्या एकेका गोल डब्याला जातो, तो ग्लोब. ग्लोबच्या आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आलं की तेल ग्लोबमध्ये घुसतं, गॅस दबतो, परत ढकलतो. मऊपणा म्हणतात तो या गॅसचा. याशिवाय एक पंप, पंपापाशी एक जादा अॅक्युम्युलेटर (प्रेशरखाली तेल साठवणारा डबा), उंची मोजणारे तीन सेन्सर (पुढे दोन, मागे एक), आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारा ईसीयू, म्हणजे छोटा कॉम्प्युटर.

शिमग्यात पालखी खांद्यावर घेतलेली बघितलीय ना, त्यात एकजण जरा वाकला तर पालखी खाली येत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर जास्त येते. तसंच इथे. वीस वर्षांत स्प्रिंगा बसल्या, टॉर्शन बार थकला, की ईसीयूला फक्त उंची कमी दिसते. त्याला स्प्रिंग-बिंग काही माहीत नाही, तो पंप चालवून आणखी तेल ढकलतो. उंची बरोबर येते पण प्रेशर वाढतं. प्रेशर वाढलं की ग्लोबमधला गॅस आधीच दबून बसलेला, त्याला आणखी दबायला जागा उरत नाही, आणि गाडी कडक होते. पंप जास्त चालतो, पडदा जास्त ताणला जातो, मग ग्लोब खरंच जातात. अशा गाडीत नवे ग्लोब टाकले तर मऊ चालेल, पण तेच प्रेशर नव्या ग्लोबांना पण खाणार, आणि काही काळाने तुम्ही परत तिथेच.

म्हणून क्रम असा की आधी डावं-उजवं, मग उंची, मग प्रेशर, आणि सगळ्यात शेवटी ग्लोब. उलट्या क्रमाने केलं की एक नीट करताना दुसरं बिघडतं.

पण त्याच्याही आधी तुमचं सकाळचं बसणं. ते घरीच तपासता येतं, पाना लागत नाही. रात्री गाडी सपाट जागेवर लावा, खरंच सपाट, तुमच्या अंगणातल्या उतारावर नको. एएचसीच्या तेलाच्या टाकीवर रेघा असतात, गाडी बंद करून तेल कुठल्या रेघेला आहे ते लिहून ठेवा. आणि चाकाच्या मधोमध, म्हणजे हबच्या सेंटरपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत चारही चाकांचं माप घ्या. सकाळी कोणी आत न बसता, काही न उघडता तेच परत मोजा.

मागची बाजू खाली आलीय आणि टाकीतलं तेल वर चढलंय, तर तेल आतल्या आत परत टाकीत आलं. म्हणजे लेव्हलिंग वॉल्व्ह (तेल चाकांपाशी अडवून धरणारा) नीट बंद होत नाहीये, कचरा अडकलाय किंवा सीट झिजलीय. अशा केसमध्ये पुष्कळदा नुसतं जुनं तेल काढून नवं भरल्यावर, दोन-तीन वेळा वर-खाली करून परत काढल्यावर वॉल्व्ह सुधारतो, कारण आत काळा गाळ असतो. मागची बाजू खाली आलीय आणि टाकी जागची हलली नाही, तर तेल बाहेर कुठेतरी गेलं. मग टॉर्च घ्यायचा आणि खाली बघायचं. आणि बाजू अगदी थोडीशीच खाली आलीय, टाकीही जवळपास तशीच, तर कदाचित काहीच झालेलं नाही, दिवसभर तापलेलं तेल नि गॅस रात्री थंड होऊन आकसतो, एवढं चालतं. आणखी एक, संध्याकाळी गाडी बंद केल्यावर मागे आंब्याच्या पेट्या भरून ठेवल्या असतील तर ती बसणारच, बंद गाडीत पंप चालत नाही, सकाळी स्टार्ट केली की उचलेल. हे लोक विसरतात आणि फोन करतात.

बाहेर गळती असेल तर कोकणात ती कुठे असते ते सांगतो. शॉकअपच्या वरच्या रबरी होजपाशी आणि बुटाच्या आत तर असतेच, ती कुठल्याही गावात असते. आपल्याकडची खास जागा म्हणजे चासीवरून मागे जाणारे लोखंडी पाइप जिथे क्लिपमध्ये धरलेत ती. क्लिपच्या मागे लाल माती साचते, पावसात चार महिने ती ओली राहते, वरून खारी हवा, आणि पाइप बाहेरून ठीक दिसतो पण क्लिप काढली की खाली खवले. बोटाने खरवडला की पापुद्रे येतात. तुमची गाडी आधी मुंबईची, आता गुहागरची, म्हणजे आयुष्यभर समुद्राच्याच काठाला. क्लिपा काढून बघा, वरवर नका बघू. पाइपाला तेलकट माती चिकटली असेल तर तीच जागा.

पाइप फुटला असेल तर तेवढा तुकडा बनवून घेता येतो, नीट फ्लेअर करणारा माणूस हवा. एमआयडीसीत जेसीबी-पोकलेनचे होज दाबून देणारे असतात, चिऱ्याच्या खाणींमुळे आपल्याकडे त्यांची कमी नाही. त्यांच्या होजला प्रेशरची अडचण नाही, या गाडीपेक्षा कितीतरी जास्त प्रेशर ते रोज हाताळतात. अडचण दोन, एक म्हणजे टोकाची सीट आणि आटे हुबेहूब जुळले पाहिजेत, जवळपास जुळतंय म्हणून आवळलं तर ते गळणारच. दुसरी म्हणजे कापताना आत राहिलेला रबराचा आणि लोखंडाचा चुरा. खोदाईच्या मशीनला तो कदाचित पचतो, या वॉल्व्हला अजिबात नाही. आतून हवा मारून, धुवून, दोन्ही टोकांना बुच लावूनच दुकानातून बाहेर आणायचा.

आता दिवा. ऑफ लुकलुकतो आणि बंद-चालू केल्यावर जातो म्हणजे ईसीयूने काहीतरी चुकीचं बघितलं आणि काम थांबवलं. काय बघितलं ते कोडमध्ये लिहिलेलं असतं. साधा दोन हजारवाला ब्लूटूथ ओबीडी इथे चालत नाही, तो इंजिनचे कोड दाखवेल, सस्पेन्शनचे नाही. टोयोटाचं टेकस्ट्रीम किंवा त्या दर्जाचा स्कॅनर हवा जो एएचसीच्या आत जातो. सी १७११, १७१२, १७१३ यातलं काही आलं तर ते उंचीच्या सेन्सरचे. मला तुमच्याकडे हेच येईल असं वाटतंय, कारण मधूनच येणारा आणि जाणारा दोष म्हणजे बहुतेक वेळा सेन्सर किंवा त्याची पिन.

मागच्या सेन्सरचं कनेक्टर काढून बघा. रबर सील कडक झालेलं असतं, आत पिनांवर हिरवट पावडर चढलेली. कधी एक पिन खाऊन अर्धी झालेली. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, नंतर थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस, बस. ग्रीस म्हणजे घरातलं व्हील बेअरिंगचं ग्रीस नको. पिनच गेली असेल तर तेवढी बदला, वायर जोडून टेप गुंडाळायची सवय इथे नको, पहिल्याच पावसात परत तेच. मग सेन्सरचा दांडा. खाली एक छोटी लिंक असते, तिचे बॉल-जॉइंट मीठ आणि मातीने जाम होतात, दांडा अडखळत फिरतो. लिंक सोडून दांडा हाताने हळू फिरवा आणि दुसऱ्या माणसाला स्कॅनरवर आकडा बघायला सांगा. आकडा सरळ बदलत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली, एका जागी अडकला, शून्य झाला, तर सेन्सर आतून झिजलाय, बदलायचा. पण हे करताना एक लक्षात घ्या, सेन्सरचा दांडा हलवला की ईसीयूला वाटतं गाडी हलली आणि तो खरंच गाडी वर-खाली करायला जातो. म्हणून इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन, आणि गाडी घोडीवर (जॅकने उचलून खाली लावायचा पक्का स्टँड).

हे दोनदा सांगतो कारण मला रात्री झोप लागली पाहिजे. या गाडीखाली नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या चाकांवर उभी असताना जायचं नाही. निपल (तेल-हवा काढायची तोटी) उघडला, पाइप सोडला, की त्या बाजूची उंची खाली येते, आणि ती हळू येईलच असं नाही. चासीखाली चार घोड्या, मग आत डोकं. आणि आत सुमारे ७० बारचं प्रेशर आहे, तुमच्या टायरच्या तीसेक पट. एवढ्या जोरात बारीक चिळकांडी कातडीतून आत जाते. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा.

सेन्सर ठीक झाले, गळती नाही, मग लोखंडाकडे या. गाडी रिकामी, पेट्रोलची टाकी किती भरलीय ते लिहून ठेवलेलं (मागचं प्रेशर पेट्रोलच्या वजनाने बदलतं), टायरला बरोबर हवा. उंचीचं बटण एन वर ठेवा (एन म्हणजे नेहमीची उंची, एच म्हणजे वर, एल म्हणजे खाली). एलएक्स ४७० ला हबच्या सेंटरपासून फेंडरपर्यंत पुढे साधारण ५०० मिलिमीटर आणि मागे ५२० च्या आसपास हवं. पुढे डावं-उजवं यात फरक असेल तर तो सेन्सरने काढायचा नसतो, तो टॉर्शन बारच्या बोल्टने काढायचा. माप चुकीचं आणि दोन्ही बाजूंना सारखं चुकीचं, तर मग सेन्सरची जागा सरकवायची. बरेच मालक सेन्सर सरकवून गाडी उंच करून घेतात, दिसायला भारी दिसते म्हणून. तसं असेल तर प्रेशर आधीच वर गेलंय असं धरून चाला.

उंची बसली की स्कॅनरवर प्रेशर वाचा. एल वर नेऊन परत एन वर आणायचं, वर येताना पंप चालतो तेव्हा आकडा मिळतो. पुढे ७ मेगापास्कलच्या (म्हणजे ७० बारच्या) जवळ, मागे ६ च्या आसपास, हे निरोगी. पुढे ८-९ दिसतंय? टॉर्शन बार थकलेत, ते आवळायचे. दोन्ही बाजूंचा बोल्ट सारखा एकेक फेरा आवळला की पुढचं प्रेशर साधारण ०.२ मेगापास्कलने उतरतं. म्हणजे एका वेळी दहा फेरे मारून मोकळं व्हायचं नाही. थोडं आवळा, थोडी गाडी चालवून आणा, परत मोजा. बोल्टाला आधी दोन दिवस गंजाचं तेल मारून ठेवा, मागच्या मालकाने कधी हात लावला नसेल तर तो एवढा धरलेला असतो की पाना घसरून हात फुटतो.

मागे ७-८ च्या वर गेलंय तर स्प्रिंगा बसल्यात. तिथे आवळायला काही नाही, एक तर नव्या स्प्रिंगा किंवा स्प्रिंगखाली स्पेसर. स्पेसर स्वस्त आणि बऱ्यापैकी काम करतो. नव्या घेणार असाल तर एएचसीच्याच गाडीसाठी असलेल्या घ्या, साध्या लँड क्रूझरच्या नको, त्या कडक असतात, मग प्रेशर उलट फारच उतरतं आणि गाडी तरंगल्यासारखी झुलायला लागते. कमी प्रेशरसुद्धा ग्लोबला चांगलं नसतं. आणि मागे जादा वजन काय काय आहे ते बघा बरं. स्टीलचा बंपर, छतावर कॅरिअर, डिकीत कायमचं हत्यारांचं खोकं, एप्रिल-मेमध्ये तर पेट्याच पेट्या. एएचसी वजनाला घाबरत नाही पण कायमचं दीडशे किलो मागे ठेवलं तर ते वजन कोणाच्या तरी खांद्यावर जाणारच.

आता ग्लोब. प्रेशर जागेवर आल्यावरच ही टेस्ट, त्याच्या आधी केली तर खोटा आकडा मिळतो. सपाट जागा, इंजिन चालू, गाडी रिकामी, चारही दारं बंद. एच वर न्या, पूर्ण वर जाऊन थांबली की टाकीची रेघ लिहा. मग एल वर आणा, पूर्ण खाली बसली की परत रेघ लिहा. एच वर तेल चाकांकडे गेलेलं असतं म्हणून टाकी खाली, एल वर परत येतं म्हणून टाकी वर. या दोघांतला फरक नव्या ग्लोबांना १४ रेघांच्या जवळ असतो. १०-११ आलं तर अजून चालवा. ७ किंवा त्याच्या खाली आलं की ग्लोब संपले. कारण साधं आहे, गॅस शिल्लक असेल तरच तेलाला आत शिरायला जागा असते, गॅस गेला की ग्लोब नुसता तेलाने भरलेला लोखंडी गोळा. त्यात घुसायला जागाच नाही, मग तुमचा आपटा थेट चासीला.

आणि वर यायला वेळ लावते म्हणालात त्याबद्दल. एन वरून एच पंधरा-वीस सेकंदांत झालं पाहिजे. त्याहून बराच वेळ लागत असेल तर पंपाजवळचा अॅक्युम्युलेटर थकलेला, किंवा पंपाची जाळी गाळाने भरलेली, किंवा तेलात हवा. किंवा, जे मी सगळ्यात आधी धरतो, प्रेशरच जास्त मागितलं जातंय म्हणून पंप धापा टाकतोय. प्रेशर जागेवर आणल्यावर कितीतरी गाड्यांत पंप आपोआप "दुरुस्त" होतो. बॅटरी कमजोर असेल तरी पंप रडतो, तेही बघून घ्या, दोन मिनिटांचं काम.

तेल बदलायचंच, काहीही निघालं तरी. एएचसीचं स्वतःचं तेल असतं, मिनरल, टोयोटाच्या पार्टसवाल्याकडे डब्यात मिळतं, अडीच लिटरचा डबा. धुवून काढायला दोन डबे धरा. गिअरचं तेल, पॉवर स्टिअरिंगचं तेल, असले प्रयोग नको, आणि ब्रेक ऑइल तर मुळीच नको, ते ग्लायकोलचं, त्याने आतली रबरं फुगून बाद होतात, मग खरोखरच सगळं उपटायची वेळ येते. निपल उघडायच्या आधी वायर ब्रशने घासा आणि एक-दोन दिवस गंजाचं तेल मारा, खारपट्ट्यातल्या गाडीचा निपल जोर करून उघडायला गेलात तर मान तुटून आत राहते आणि दोनशे रुपयांच्या कामासाठी तो निपल ज्याच्यावर बसतो तो अख्खा अॅक्च्युएटर बदलावा लागतो. हवा काढताना टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. चारही कोपरे झाले की शेवटी पंपाजवळचा. कंपनी काय म्हणते ते बाजूला ठेवा, किनाऱ्यावरच्या गाडीला मी लाख किलोमीटरची वाट बघत नाही, तेल काळं दिसलं की काढतो.

ग्लोब लागलेच तर. पुढच्या आणि मागच्याचे पार्ट नंबर वेगळे, चासी नंबर देऊनच मागवा. आखातात ही गाडी ढीगभर चालते, तिथे पार्ट सहज मिळतात, आणि आपल्याकडे दापोली-गुहागर-रत्नागिरीत कोणाचा ना कोणाचा माणूस दुबई-मस्कतला असतोच, येताना आणायला सांगतात, कस्टमचं बघून घ्यायचं तेवढं. ओरिजिनल पॅकिंगच घ्या. जुन्या गाडीतून काढलेले "चेक केलेले" ग्लोब घेऊ नका, ते त्याच वयाचे. आणि जुन्याला भोक पाडून गॅस भरून देतो म्हणणारा भेटलाच तर नमस्कार करून निघा. काढताना प्रेशर शून्य, मोठा चेन पाना, आणि नव्याला नवी ओ-रिंग, थोडं एएचसीचंच तेल लावून.

मेकॅनिकच्या सल्ल्याबद्दल. साधे शॉकअप टाकणं वाईटच असं मी म्हणत नाही, गाडी जंगलात नेणारे लोक मुद्दाम करतात. पण नुसते शॉकअप बदलून ते होत नाही. एएचसीच्या गाडीचे टॉर्शन बार आणि स्प्रिंगा मुळातच हलक्या दिलेल्या, कारण उरलेलं वजन तेल उचलणार होतं. तेल काढून टाकलंत तर गाडी बसून स्टॉपरवर येते. म्हणजे जाडे टॉर्शन बार, कडक स्प्रिंगा, चार शॉकअप, वर दिवा विझवायचा जुगाड, आणि नंतर विकायला गेलात तर पहिला प्रश्न हाच, की एएचसी कुठे गेलं. खर्च ग्लोबांच्या जवळ जातो आणि गाडी मात्र साधी होते. पाइप सगळे सडलेत, वॉल्व्ह ब्लॉक पण गेलाय, पंप पण गेलाय, असं एकदम निघालं तरच मी त्या रस्त्याला जाईन.

रेंज रोव्हरवाले पण विचारतात म्हणून एक ओळ, तुमचं वेगळं आहे, ते हवेवर चालतं, कॉम्प्रेसर आणि रबरी फुगे, वरचं तेलाचं काही लागू नाही. लँड क्रूझर २०० किंवा प्राडो एका बाजूला कलत असेल तर ते केडीएसएस, म्हणजे स्टॅबिलायझरचं हायड्रॉलिक, त्याची कथा निराळी.

आणि एक शंका तुम्ही विचारली नाहीत पण मी काढतो. गाडी पुरात गेली होती का? २६ जुलै २००५ ला मुंबईत किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शिरली तेव्हाच्या गाड्याही धुवून-पुसून बाजारात गेल्या. पुढच्या सीटच्या रुळांखाली, डिकीच्या ट्रिममागे, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ बघा. पुरातल्या गाडीत सेन्सर बदलून दिवा जात नाही, कारण लोच्या वायरिंगच्या जोडांत असतो, आणि ते शोधायला मजुरी पार्टपेक्षा जास्त लागते. ते आधी कळलेलं बरं.

तोपर्यंत गाडी चालवायची का? दिवा नसताना आणि गळती नसताना चालवा, पण एच वर ठेवून नाही, कडक आहे म्हणून वेग कमी ठेवा आणि कुंभार्ली घाटात उतरताना वळणांवर जरा हात राखून. दिवा लागला तर थांबून बंद-चालू करून घरी या, लांबचा प्रवास नको. धोपावे किंवा तवसाळच्या जेटीवरून फेरीत चढवताना ओहोटीला रॅम्प उभा असतो, तिथे एच वापरायला हरकत नाही, पण गाडी आधीच वर येऊ द्या आणि मग रॅम्पवर घ्या, अर्ध्या रॅम्पवर बटण दाबत बसू नका. आणि वाळूत नको. गुहागरचा किनारा सुंदर आहे पण तिथे गाडी घातली की खारं पाणी नेमकं त्या मागच्या सेन्सरवर आणि क्लिपांत जाऊन बसतं, शिवाय हल्ली गुन्हेही दाखल होतात. पाहुण्यांच्या हट्टापायी कधी गेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, साध्या पाइपने, प्रेशर वॉशर सेन्सरवर आणि कनेक्टरवर मारायचा नाही.

रात्रीचं-सकाळचं माप, टाकीच्या रेघा, स्कॅनरवरचे कोड आणि पुढचं-मागचं प्रेशर, एवढं लिहून पाठवा. ग्लोबची ऑर्डर ते आल्यावर.